गळलेले केस मोजू नका

हो, माझं डोकं तुम्हाला दिसतंय. केसांवर बोलायला टकल्या माणसाला का बोलावलं, हा प्रश्न पहिल्या रांगेतल्या दोघांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता येतोय. तर तिथूनच सुरुवात करू.

मी वैद्यकीय शिक्षण घेत होतो, वय २१. एके दिवशी कंगव्यात केस दिसले आणि पोटात गोळा आला. पण विज्ञानाचा विद्यार्थी ना, म्हणून मी एक वही केली. रोज सकाळी उशीवरचे, कंगव्यातले, न्हाणीघराच्या जाळीत अडकलेले केस मोजायचे आणि तारखेपुढे आकडा लिहायचा. ४०, ६२, ५५, ४८. असं वर्षभर. पुस्तकात लिहिलं होतं की दिवसाला ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. म्हणजे वहीच्या हिशोबाने मी ठणठणीत होतो. त्याच वर्षात माझी दोन्ही कानशिलांकडची केसांची रेषा बोटभर मागे सरकली.

वही खोटं बोलत नव्हती. मीच भलती गोष्ट मोजत होतो. केस गळणं आणि केस बारीक होणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांची कारणं वेगळी, उपचार वेगळे, आणि मुख्य म्हणजे त्यांचा शेवट वेगळा. माझ्याकडे येणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांनी त्या दोन्हींना एकच नाव दिलेलं असतं, ‘हेअरफॉल’, आणि तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते.

आधी गळण्याचं बघू. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येकाचं स्वतःचं वेळापत्रक असतं. दोन ते सहा वर्षं केस वाढतो, महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर. मग दोन-तीन आठवड्यांत मूळ आवरतं घेतं, आणि पुढचे तीनेक महिने केस नुसता जागेवर बसून राहतो. वाढत नाही, पण सुटतही नाही. या अवस्थेला टेलोजेन म्हणतात. शेवटी तो गळतो आणि त्याच जागी नवा यायला लागतो. कुठल्याही क्षणी दहातला जवळपास एक केस असा विश्रांतीला बसलेला असतो.

गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसतो, तो पाहून पोरं हादरतात. ‘डॉक्टर, मुळासकट निघाला!’ नाही हो. मूळ कातडीखाली आहे तिथेच आहे. तो ठिपका म्हणजे विश्रांती संपवून निघालेल्या केसाचं टोक. उलट तो ठिपका असणं हे सगळं रीतसर चाललंय याची खूण आहे.

आता शरीरावर मोठा ताण आला, समजा जोराचा ताप येऊन गेला, शस्त्रक्रिया झाली, बाळंतपण झालं, किंवा कुणी हट्टाने महिन्यात दहा किलो उतरवायला निघालं, तर शरीर काटकसर करतं. केस ही त्याच्या दृष्टीने चैन आहे. मग वाढीला लागलेले पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात. लक्षात घ्या, गळत नाहीत, विश्रांतीला जातात. गळतात ते दोन-तीन महिन्यांनी, आणि मग एकगठ्ठा. तोपर्यंत तो ताप तुम्ही विसरलेले असता. म्हणून कुणी केसांची पुरचुंडी घेऊन आलं (होय, प्लास्टिकच्या पिशवीत भरून आणतात, आणि ती मी कधी नाकारत नाही), तर माझा पहिला प्रश्न ठरलेला: ‘तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?’ कोविडच्या साथीनंतर कित्येक दवाखान्यांत या प्रश्नाचं उत्तर एकच येत होतं.

या प्रकाराला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. पाहायला भयंकर, पण बहुधा आपणहून सहा महिन्यांत आटोक्यात येणारा. मुळं शाबूत असतात. मात्र गळती सहा महिन्यांच्या पुढे गेली तर रक्त तपासायचं: थायरॉइड, हिमोग्लोबिन, आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. मासिक पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या मुलींमध्ये हिमोग्लोबिन बरं असूनही साठा रिकामा असू शकतो. कमतरता सापडली तर ती भरून काढायची. सापडली नाही, तर गोळ्या खाऊन काही वाढत नाही. अ जीवनसत्त्व किंवा सेलेनियम जास्त झालं, तर त्यानेच केस गळतात! आणि बायोटिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, ज्याच्या गोळ्या तुमच्यातल्या निम्म्यांच्या खणात असतील, त्याची खरी कमतरता फार दुर्मीळ आहे. वर मोठ्या मात्रेत घेतलं तर थायरॉइडच्या चाचण्या चुकीच्या येऊ शकतात, हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनची चाचणीसुद्धा. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. रक्त द्यायला जाताना ‘मी बायोटिन घेतो’ हे सांगत चला.

आता दुसरी तक्रार. माझी. यात केस जास्त गळतातच असं नाही. होतं काय, की गळलेल्या केसाच्या जागी नवा येतो तो जुन्यापेक्षा थोडा बारीक, थोडा आखूड. त्याच्यानंतरचा आणखी बारीक. वाढीचा काळ वर्षांवरून महिन्यांवर येतो. शेवटी तिथे लव उरते, गालावर असते तशी. केसांची संख्या वहीत बरोबर, पण डोक्यावर कातडी दिसायला लागलेली. वहीला केसाची जाडी कळत नाही.

हे कशामुळे, याचा शोध मोठा रंजक आहे. खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही हे हिपोक्रेटिसच्या काळापासून लोकांना ठाऊक होतं. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी संशोधकाने त्याच्या पुढचं पाहिलं. तारुण्यात येण्याआधी वृषणं गमावलेल्या पुरुषांना टेस्टोस्टेरॉन दिलं, तेव्हा घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जायला लागले, घराण्यात नसलेल्यांचे राहिले. म्हणजे दोन गोष्टी हव्यात, संप्रेरक आणि वारसा. एकट्याने भागत नाही. ‘माझ्यात पुरुषी संप्रेरक जास्त आहे म्हणून टक्कल’ ही टकल्यांनी स्वतःची घातलेली समजूत आहे. मीही घातली होती. रक्तातलं प्रमाण सहसा इतरांइतकंच असतं, मुळांची संवेदनशीलता वेगळी असते.

मग १९७४. ज्युलिअन इम्पेरॅटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथली काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात आल्यावर मुलगे होत. त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं, पण त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, थोडक्यात डीएचटी, करणारं एन्झाइम निकामी होतं. या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहिली आणि कपाळावरची केसांची रेषा कधी मागे सरली नाही. झालं, औषध कुठे नेम धरून मारायचं ते कळलं. फिनास्टेराइड आधी १९९२ मध्ये वाढलेल्या प्रोस्टेटसाठी आलं आणि १९९७ मध्ये त्याची १ मिलिग्रॅमची गोळी पुरुषांच्या टकलासाठी. ती रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी खाली आणते.

डीएचटीचा मारा फक्त पुढच्या आणि टाळूवरच्या मुळांना लागतो. मागचे केस निर्धास्त असतात, म्हणून तर टकल्यांच्या डोक्याला मागून झालर असते. नॉर्मन ऑरेन्ट्रिक यांनी १९५९ मध्ये दाखवलं की मागचा केस पुढे लावला तरी तो आपला स्वभाव सोडत नाही. केशरोपणाचा सगळा डोलारा या एका निरीक्षणावर उभा आहे.

टक्कल आईकडून येतं की बापाकडून? मामाच्या डोक्याकडे बघा असं म्हणतात, त्यात थोडं तथ्य आहे, कारण त्यातलं एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पण गुणसूत्रांवरच्या शेकडो जागा यात हातभार लावतात. तेव्हा मामाला उगाच बोल लावू नका.

मुलींमध्ये चित्र वेगळं दिसतं. पुढची रेषा सहसा शाबूत राहते, भांग रुंदावतो. वेणी आधीपेक्षा बारीक लागते. त्यासोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, मुरमं हटत नसतील, तर पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार, आहे का ते पाहावं लागतं.

उपचारांवर जरा सविस्तर बोलतो, कारण तुम्ही त्यासाठीच आला आहात. मिनॉक्सिडिल हे मूळचं रक्तदाबाचं औषध. ते गोळीच्या रूपात घेणाऱ्यांच्या अंगावर केस उगवायला लागले, हा दुष्परिणाम होता, आणि १९८८ मध्ये त्याच दुष्परिणामाला बाटलीत भरून डोक्याला लावायचं औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली. ते डीएचटीला हात लावत नाही, केसांचा वाढीचा काळ लांबवतं. मुलामुलींना दोघांनाही चालतं, गरोदरपण सोडून. पण पहिल्या दीड-दोन महिन्यांत केस गळणं वाढू शकतं. विश्रांतीला बसलेल्यांना औषध उठवून बाहेर काढतं, मागून नवे यायला जागा करतं. नेमकं इथेच लोक घाबरून थांबतात. आणि हो, घरात मांजर असेल तर जपा. हे औषध मांजरांना जिवावर बेतणारं विष आहे. उशी, हात, टॉवेल, कशालाच लागलेलं राहू देऊ नका.

फिनास्टेराइडने बहुतेकांचं गळणं थांबतं, काहींचे केस परत भरतात. थोड्या लोकांना लैंगिक इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं असा त्रास होतो, बहुतेकांचा औषध थांबवल्यावर जातो, काहींनी तो नंतरही राहिल्याचं सांगितलंय. मनःस्थितीवरही परिणाम होऊ शकतो. आत्महत्येचे विचार हा या औषधाचा दुष्परिणाम आहे असं युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये मान्य केलं. म्हणून मी ते देण्याआधी विचारतो: पूर्वी कधी नैराश्य होतं का? आणि सांगतो, मन उदास वाटायला लागलं तर लगेच गोळी थांबवून फोन करायचा, पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. हे औषध ऑनलाइन मागवून कुणाला न विचारता घेणाऱ्यांची मला काळजी वाटते ती यासाठी. गरोदर स्त्रीने तर फुटलेल्या गोळीला हातही लावायचा नाही, पोटातल्या मुलग्याच्या लिंगाच्या वाढीला धोका असतो.

दोन्ही औषधांचा निकाल चार ते सहा महिन्यांआधी लावू नका, खरा हिशोब वर्षाने. बंद केली की मिळवलेलं काही महिन्यांत जातं. केशरोपण विशीच्या सुरुवातीला करायला मी बिचकतो. आज लावलेली झुलूप तिथेच राहते आणि तिच्यामागचे मूळचे केस पुढची दहा वर्षं मागे सरकत राहतात. कपाळावर बेट तयार होतं.

चाई पडणं हा तिसराच प्रकार, त्याला इथे धावता स्पर्श करतो. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा, एका रात्रीत दिसल्यासारखा. कीड लागलेली नसते, संसर्ग नसतो. स्वतःचीच प्रतिकारशक्ती मुळांवर उठते. लहान चट्टे कित्येकदा आपोआप भरतात, किंवा चट्ट्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. मोठ्या प्रमाणावर गेलं तर २०२२ पासून त्यासाठी गोळ्यांना मान्यता आहे, प्रतिकारशक्तीचा हल्ला रोखणाऱ्या जेएके इनहिबिटर गटातल्या, आधी बॅरिसिटिनिब आणि पुढच्या वर्षी १२ वर्षांपुढच्या मुलांनाही चालणारी रिटलेसिटिनिब. मात्र चट्ट्यात खवले असतील, केस तुटत असतील, तर ती बुरशी असू शकते. वेदना, पू किंवा व्रण असेल तर थांबू नका. व्रण पडून मूळ मेलं की कुठलंच औषध ते परत आणत नाही.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या आहेत. टोपीने टक्कल पडतं का? नाही. रोज केस धुतल्याने? नाही, धुताना जे निघतात ते निघणारच होते. तुळतुळीत केल्याने दाट येतात? नाही, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून राठ वाटतं. घट्ट बांधल्याने? हो, याने मात्र जातात. कपाळाच्या कडेला, कानांजवळ. वर्षानुवर्षं ओढलेले केस कायमचे जातात. बांधल्यावर दुखत असेल, तर ते घट्ट आहे.

मग मोजायचं नाही तर बघायचं काय? दर तीन महिन्यांनी फोटो. तीच खिडकी, तोच उजेड, केस कोरडे, भांग त्याच जागी. एक समोरून, एक टाळूचा. मला तुमची पिशवी नको, ते दोन फोटो दाखवा.

शेवटची चिठ्ठी, पहिल्या रांगेतूनच आलेली दिसते: ‘मग तुम्ही स्वतः उपचार का नाही घेतलेत?’

गोळी तेव्हा नव्हती. मिनॉक्सिडिल होतं, आणि मी ते लावलंही. सहाव्या आठवड्यात केस भसाभस गळायला लागले. हे का होतं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. मी बाटली फेकून दिली. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या दिवसाच्या तारखेपुढे १४३ लिहिलंय, लाल शाईने, खाली दोन रेघा मारून.