जाळं हवेत असताना

[दृश्य: नागपूरचा फुटाळा तलाव, पहाट]

निवेदन: फुटाळ्यावरच्या चहाच्या टपऱ्या अजून उघडायच्या आहेत. गुडघाभर पाण्यात एक ढीवर दादा उभे आहेत. जाळ्याची एक कड दातांत धरलेली, अर्धं जाळं कोपरावर. कमरेतून एक झोका, आणि जाळं हवेत गोल उघडतं. पाण्यावर पडायला दोन सेकंदही लागत नाहीत.

आमच्या मोबाईलने ते सहज टिपलं. पण ज्यांनी पहिल्यांदा मच्छीमारांचे फोटो काढले, त्यांना हे उघडलेलं जाळं कधीच मिळालं नसतं.

[दृश्य: न्यूहेवनची जुनी छायाचित्रं, एकामागून एक]

स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला लागून न्यूहेवन नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. 1843 ते 1847 या काळात डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल हा चित्रकार आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन हा तरुण छायाचित्रकार तिथे कॅमेरा घेऊन जात. पद्धत कॅलोटाइपची. कागदाला चांदीच्या क्षारांचा लेप द्यायचा आणि तोच कॅमेऱ्यात घालायचा. निगेटिव्हही कागदाचीच, त्यामुळे कागदाचे तंतू फोटोत उतरतात आणि माणसं कोळशाने रेखाटल्यासारखी मऊ दिसतात. मात्र भर उन्हातही कितीतरी सेकंद, कधी मिनिटभराहून जास्त वेळ हलायचं नाही. हललं की चेहरा पुसला.

म्हणून या फोटोंत लाट नाही, वल्हं मारणारा हात नाही. होड्या वाळूवर ओढलेल्या आहेत. लिंटन नावाचा मच्छीमार आपल्या होडीला टेकून उभा आहे आणि त्याची पोरं अनवाणी, होडीच्या आडोशाला बसली आहेत. टेकायला होडी आहे म्हणून तो स्थिर राहू शकला. पोरं कशी काय गप्प बसली असतील, हे मात्र मला दर वेळी नवल वाटतं!

आणि या बायका पाहा. मासळीची टोपली पाठीवर आणि तिचा पट्टा कपाळावर, असं ओझं घेऊन त्या एडिंबरोच्या चढावर चालत जायच्या, दारोदार मासळी विकायच्या. ही एलिझाबेथ जॉनस्टन हॉल. पट्ट्यापट्ट्यांचा झगा, नजर खाली. पावणेदोनशे वर्षं उलटली, तरी या कोळणीला आपण नावाने ओळखतो.

अ‍ॅडमसन 1848 च्या जानेवारीत गेला. वय अवघं 26.

[दृश्य: जुन्या ग्रंथाची पानं]

आता आपल्याकडे येऊ. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, त्या काळातली गोष्ट. 1916 साली आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा, या प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. दुसऱ्या खंडात ढीमर आहेत, म्हणजे आपले ढीवर. मासेमारी, पाणी भरणं, तलावात शिंगाडा लावणं, सगळं तपशिलाने लिहिलंय. सोबत एक फोटो आहे. खाली ओळ एवढीच: झाडाचं खोड कोरून केलेल्या होड्यांतले मच्छीमार.

होडी कशाची, ते लिहिलं. माणसं कोण, ते नाही. फोटो जातीचा दाखला म्हणून छापला होता, आणि दाखल्याला नाव लागत नाही, असं तेव्हा धरून चालत. मला ते आजही बोचतं.

[दृश्य: भोईपुरा, मासळी बाजार. बोरीच्या तुकड्यावर मरळ, रोहू, झिंगे]

तो फोटो आम्ही भोईपुऱ्यात नेला. मासळी विकणाऱ्या एका आजींच्या हातात ठेवला. आजींनी विळीवरचा हात पदराला पुसला, कागद उजेडाकडे धरला.

"डोंगा व्हय हा. माह्या सासऱ्याचा असाच होता."

आणि ही माणसं, आजी?

"आपलीच असन. कोणाची व्हय, लिवलं नाही का?"

नाही, म्हटलं.

आजी थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग समोरचं गिऱ्हाईक थांबवून त्यांनी सासऱ्याचं नाव सांगितलं, त्यांच्या दोन भावांची सांगितली, कोण कोणत्या तलावावर जाळं टाकायचं तेही सांगितलं. आमच्याकडे त्या तिघांचा एकही फोटो नाही. नावं वहीत लिहून घेतली.

[दृश्य: आजींचा चेहरा. पडद्यावर त्यांनी सांगितलेली नावं, एकेक करून]