कासवससा, तातू आणि आपला काजू

आवाज येतोय ना मागे? बरं. फोंड्याला यायचं ठरलं तेव्हा आयोजकांनी विषय विचारला, मी म्हटलं आर्माडिलो, अमेरिका खंडातला तो कवचवाला प्राणी, तर ते म्हणाले सर, म्हणजे ते खवले मांजरच ना? तर आधी तेच मिटवून टाकू. आपल्याकडच्या जंगलात आहे ते खवले मांजर, त्याचे खवले म्हणजे आपल्या नखांचाच माल आणि तोंडात दात एकही नाही. आर्माडिलोच्या कातडीतच हाडाच्या चकत्या तयार होतात, वरून शिंगासारखा थर, आणि दात असतात, खुंट्यांसारखे का होईना. त्याचे सगेसोयरे म्हणजे झाडाला उलटा लटकणारा सुस्त स्लॉथ आणि तिकडचे मुंगीखाऊ. खवले मांजर आणि आर्माडिलो दोघं बिळं खणतात, दोघं मुंग्या खातात, दोघांना कवच, एवढ्यावरून कुणी 'अमेरिकन खवले मांजर' म्हटलं तर माझं डोकं फिरतं.

आता नावं. स्पॅनिश लोकांनी बघितलं आणि म्हणाले आर्माडिलो, छोटा चिलखतवाला. सैनिकच ते, त्यांना दुसरं काय सुचणार! पण मेक्सिकोतल्या अॅझटेक लोकांचं नाव त्याच्या कितीतरी आधीचं, आयोतोच्त्ली, म्हणजे कासव अधिक ससा. पाठ कासवाची, कान सशाचे, आपण लहानपणी ज्यांची शर्यत लावली ते दोघं इथे एकाच अंगात, आता हरणार कोण आणि जिंकणार कोण सांगा.

मग १७५८ साली स्वीडनच्या लिनियस नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं, डॅसिपस नोव्हेमसिंक्टस. पहिला शब्द ग्रीक, केसाळ पायांचा, ग्रीकमध्ये हे सशाचंच नाव होतं, म्हणजे ससा परत आलाच. दुसरा लॅटिन, नऊ पट्ट्यांचा. खांद्यावर एक कडक ढाल, मागच्या बाजूला एक, आणि मधे हे पट्टे पेटीच्या भात्यासारखे हलतात, म्हणून तर त्याला वाकता येतं. पण नावात नऊ आहे म्हणून मोजायला जाल तर फसाल, कुठे ७ भरतात, कुठे ११.

माझा आवडता शब्द मात्र पोर्तुगीज, तातू. खरं तर पोर्तुगीजांचाही नाही, ब्राझीलच्या तुपी लोकांकडून उचललेला. आणि तुपींकडूनच अजून एक शब्द उचलला होता, अकाजू. तो जहाजात बसून गोव्याला आला, डोंगरावर रुजला, आणि आज आपण हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, पिताना कुणाला आठवत पण नाही की काजू हा परका शब्द. अननसाचंही तेच. तातू तेवढा जहाजात चढला नाही, त्यामुळे शब्दही तिकडेच राहिला. मी म्हणतो आता घ्या, उच्चारायला सोपा, एखाद्या गावात तातूकाका निघाला तर तेवढं सांभाळून घ्या.

ब्राझीलमध्ये प्रत्येक जातीला तातूच्या पुढे शेपूट लावतात. तातू-बोला म्हणजे चेंडू तातू, तीन पट्ट्यांचा, हाच पूर्ण गोल होतो. २०१४ च्या फुटबॉल वर्ल्डकपचा मॅस्कॉट तोच होता. आपला नऊ पट्टेवाला चेंडू होत नाही, तो दचकला की सरळ वर उडी मारतो, तीन-चार फूट, आणि त्यामुळेच रस्त्यावर गाडी वरून निघून गेली असती तिथे हा उडून खालून आपटतो. बिचारा.

अजून एक गंमत, आणि इथे आपली मराठी कमी पडते. याची मादी एका वेळी चार पिल्लं देते, एकाच अंड्यातून फुटलेली, चारही हुबेहूब सारखी, चारही नर नाहीतर चारही माद्या. आपल्याकडे जुळी आहेत, तिळी आहेत, चारांना काय म्हणायचं? चुळी म्हटलं तर पाण्याची चूळ आठवते. सुचलं तर सांगा.

हां, मागून प्रश्न आलाय, खातात का? मला माहीत होतं गोव्यात हा प्रश्न येणार. खातात की. नऊ पट्टेवाल्याचं ब्राझीलमधलं नावच आहे तातू-गालिन्या. गालिन्या म्हणजे कोंबडी, चवीवरून पडलेलं नाव. पण अंकल, एक ऐका, कुष्ठरोगाचे जंतू काचेच्या बशीत वाढत नाहीत, याच्या थंड अंगात मात्र मस्त वाढतात, आणि अमेरिकेत याच्याकडून माणसांना लागण होत असल्याचं २०११ मध्ये दिसून आलंय. त्यामुळे तुम्ही आपलं कोंबडीचं काफ्रियलच खा. चला, चहा आलाय.