कॅम्पबेल नेमके कुठले?

मंडळी, एक आडनाव घेऊ. कॅम्पबेल. गेलिक भाषेत अर्थ 'वाकडं तोंड', घराणं स्कॉटलंडच्या अर्गाइलचं. अमेरिकेतल्या टेनेसीतला कुणी कॅम्पबेल एवढं वाचतो आणि भिंतीवर घराण्याची निशाणी टांगून मोकळा होतो. पण आयर्लंडच्या उत्तरेला, अल्स्टरमधल्या टायरोन परगण्यात मॅक कॉवेल हे मूळचं आयरिश घराणं होतं. त्यातल्या अनेकांनी इंग्रजी रूप म्हणून कॅम्पबेलच लावलं. कॅव्हन परगण्यात 'लोहाराचा मुलगा' अशा अर्थाच्या आयरिश आडनावाचं भाषांतर होऊन स्मिथ झालं. 'मॅक' म्हणजे मुलगा, आणि तो स्कॉटिशही असतो, आयरिशही. आपलं 'कर' निदान गावाकडे बोट दाखवतं. 'मॅक' दाखवतं ते कित्येक शतकांपूर्वीच्या बापाकडे.

म्हणून स्कॉट्स-आयरिश पूर्वज शोधायचे तर आडनाव बाजूला ठेवून जागा शोधायची. हे लोक म्हणजे स्कॉटलंडच्या सखल भागातून अल्स्टरला आलेले प्रेस्बिटेरियन, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचे कुळवाडी. १६०६ पासून अँट्रिम आणि डाउनमध्ये खासगी वसाहत झाली, १६१० च्या सुमारास सहा परगण्यांत सरकारी. १७१८ मध्ये त्यांची पाच जहाजं अमेरिकेत बॉस्टनला पोचली आणि मग १७७५ पर्यंत ओघ चालू राहिला. बहुतेक जण फिलाडेल्फिया किंवा न्यू कॅसल बंदरात उतरून शेनान्डोआ खोऱ्याच्या वाटेनं दक्षिणेकडे सरकले. त्या काळच्या कागदांत त्यांना सरळ 'आयरिश' म्हटलंय. 'स्कॉच-आयरिश' हे नाव रूढ झालं एकोणिसाव्या शतकात, आयर्लंडमधल्या दुष्काळातून आलेल्या कॅथलिकांपासून वेगळं दिसावं म्हणून.

सुरुवात अमेरिकेच्या टोकाकडून करायची. १८५० च्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव मिळतं. १७९० ते १८४० च्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकीचे नुसते आकडे. ती दरी मृत्युपत्रं, जमिनीची खरेदीखतं आणि कोर्टाच्या नोंदी यांवरून ओलांडायची. खरेदीखत वाचताना साक्षीदार आणि चतुःसीमेतले शेजारी आधी उतरवून घ्या. ही माणसं नात्यागोत्यानं, कधी अख्ख्या चर्चमंडळीसकट हलत. पूर्वजाचं मूळ गाव सापडलं नाही तरी शेजाऱ्याचं सापडतं.

जहाजाच्या यादीत जीव अडकवू नका. अमेरिकेत प्रवाशांच्या याद्या देणं सक्तीचं झालं १८२० पासून. फिलाडेल्फियाच्या १७२७ पासूनच्या याद्या आहेत, पण त्या राजनिष्ठेची शपथ घ्यायला लावलेल्या परकीयांच्या, म्हणजे मुख्यतः जर्मनांच्या. अल्स्टरचा माणूस राजाचाच प्रजाजन, त्याची शपथ कोण घेणार? आणि 'एलिस बेटावर कारकुनानं आडनाव बदललं' ही घरोघरची दंतकथा इथं तर दुहेरी खोटी. न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांचं ते ठाणं उघडलं १८९२ मध्ये, आणि तिथले कारकून निघतानाच्या बंदरात भरलेल्या यादीवर खूण करत, नवी नावं लिहीत नसत.

आयर्लंडच्या टोकाला हवं असतं 'टाउनलँड'. नावात टाउन असलं तरी हे शहर नव्हे, आपल्या वाडीसारखा जमिनीचा तुकडा. असे साठ हजारांवर आहेत. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या आगीत १८२१ ते १८५१ च्या बहुतेक जनगणना आणि असंख्य मृत्युपत्रं जळाली. उरलं त्यात माझ्या मते सगळ्यांत मोलाची १७९६ ची जवस पेरणाऱ्यांची यादी. तागासारखे धागे निघतात ते जवस, त्याच्यापासून लिनन. एक एकर पेरणाऱ्याला चार चरखे, पाच एकरांना एक माग, असं बक्षीस होतं. म्हणून जवळजवळ साठ हजार नावं परगणा आणि पॅरिश (चर्चचा विभाग) यांसकट लिहिली गेली. टाउनलँड मात्र त्यात नाही. त्यासाठी ग्रिफिथचं मूल्यांकन, म्हणजे करासाठी केलेली जमीन-घरांची छापील मोजदाद, १८४७ ते १८६४. पानावर ओळीनं नकाशाचा क्रमांक, कसणारा, त्याचा जमीनमालक, घर की जमीन, क्षेत्र आणि कराचं मूल्य. एकाच वाडीत दोन जॉन असले तर कंसात बापाचं नाव. पण १७३० मध्ये गेलेला माणूस इथं कसा असेल? हे पुस्तक फक्त आडनावं कुठं दाटीनं आहेत ते पाहायला वापरा. दोन-तीन शेजाऱ्यांची आडनावं एकाच पॅरिशमध्ये एकत्र सापडली, तर तिथं खोदा.

डीएनए चाचणी बापाकडच्या वाय गुणसूत्राची करा. एकाच आडनावाची दोन कुळं वेगळी ओळखायला ती उपयोगी, आमचा टायरोनचा कॅम्पबेल अर्गाइलच्यापासून तिथं सुटा होऊ शकतो. टक्केवारी सांगणाऱ्या चाचणीवर विसंबू नका, स्कॉटलंड आणि अल्स्टर यांतली रेष तिला नीट आखता येत नाही.

आता तारखा. स्कॉटलंडनं १६०० पासून १ जानेवारीला वर्ष बदललं, आयर्लंड आणि अमेरिकी वसाहतींत कायद्यानं १७५१ पर्यंत ते २५ मार्चला बदलत होतं. समजा, लग्न एप्रिल १७१९ चं आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७१९ चा. वाचणारा दचकतो, लग्नाआधीचं मूल म्हणून जोडपंच वंशावळीतून छाटून टाकतो. मूल लग्नानंतर दहा महिन्यांनी झालेलं असतं. आपल्या हिशेबानं तो फेब्रुवारी १७२० चा.