बारा पूर्ण

मंडळी, वय वाढतं तशी वर्षं आखूड का वाटू लागतात, हे सांगायचं मी कबूल केलंय. सांगतेच. पण आधी एका तिकिटाची गोष्ट.

मे महिन्यात आम्ही बडोद्याहून दादरला मामाकडे जायचो. त्या वर्षी मला बारा पूर्ण होऊन आठवडा झाला होता, आणि रेल्वेत अर्धं तिकीट बाराच्या आतल्यांना. आदल्या रात्री दशम्या बांधता बांधता आईनं बजावलं, "विचारलं तर अकराच सांग." सुरत सुटल्यावर टीसी आला. "बेबी, केटला वरसनी?" मी उभी राहून अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशी म्हणाले, "बारा पूर्ण!" आईनं फरक भरला, दंडही भरला, आणि वलसाड येईपर्यंत माझ्याशी अक्षर बोलली नाही. मला खऱ्याची फार चाड होती असं नाही हो. वर्षभर वाट पाहून मिळालेलं वर्ष मला परत द्यायचं नव्हतं!

पुढे अठ्ठावन्न पूर्ण झाली. तेव्हा बायकांना त्या वयापासून निम्म्या भाड्याची सवलत होती. (20 मार्च 2020 पासून ती बंद आहे, आणि मला ते अजून लागतं.) खिडकीशी वय सांगताना माझा आवाज आपोआप खाली आला. रांगेत मागे शेजारीण होती. तीच मी, तीच रेल्वे.

आता परवा सत्तर झाले, तर येणारा प्रत्येक जण म्हणतो, "वाटत नाही हं!" याचा मला मनापासून राग येतो. आठ वर्षांच्या मुलाला म्हणून बघा, "तू आठचा वाटत नाहीस." रडेल तो. आपण मात्र पेढा पुढे करतो. ही सत्तर वर्षं मी जगलेय, ती वाटू नयेत असं मी कुणाला सांगितलं?

आणि हे बडोद्यात! कवळाण्याहून आलेल्या बारा वर्षांच्या गोपाळरावांची, म्हणजे पुढच्या सयाजीराव महाराजांची, गोष्ट इथं कुणाला सांगायला नको. 1875 साली त्यांना विचारलं, कशाला आलास? तर म्हणे, राज्य करायला. मुलाला पुढचं वय असं समोर दिसत असतं. सगळे अधिकार हाती यायला मात्र 1881 उजाडलं.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. तर थोडक्यात. पॉल जाने या फ्रेंच तत्त्वज्ञानं 1877 मध्ये मांडलं की दहा वर्षांच्या मुलाला वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग, पन्नाशीच्या माणसाला पन्नासावा. 1890 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स म्हणाला, एवढ्यानं भागत नाही. लहानपणी रोज काही नवं घडतं म्हणून दिवस भरलेले राहतात, पुढे सवयीत ते एकमेकांत मिसळतात. मी यात एक घालते: वाट पाहणं. आपण वाढदिवसाची वाट पाहणं सोडलं, म्हणून तो दचकवतो. आपल्याकडं सहस्रचंद्रदर्शन आहे. हजार पौर्णिमा, म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षं दहा महिने. म्हाताऱ्या माणसालाही पुढचं काही मोजायला दिलंय त्यात.

माझी नात साडेसहाची आहे. 'साडे' गाळलेलं तिला खपत नाही. तिनं विचारलं, "आजी, तुझे किती चंद्र राहिले?" हिशेब केला, 134. परवाच्या पौर्णिमेला तिनं मला गच्चीवर नेलं आणि टाकीच्या भिंतीवर खडूनं एक रेघ ओढली. आता 133.