मागच्या रांगेतलं मूल

ग्रंथालयात मुलांना पुस्तक वाचून दाखवायचा माझा पहिला गोष्टीचा तास अकरा मिनिटांत आटोपला. जाहीर केला होता अर्धा तास. पुस्तक निवडलं होतं मला स्वतःला अतिशय आवडणारं: बारीक पेन्सिलीची चित्रं, पानोपानी कुठे ना कुठे दडलेले उंदीर, आणि शेवटी गलबलून यावं असं एक वाक्य. समोर वीस-बावीस मुलं, तीन ते पाच वर्षांची. दुसऱ्याच पानाला मागून आवाज आला, "दिसत नाही." मी पुस्तक उंच धरलं, तर पुढच्यांना दिसेना. चौथ्या पानाला एकजण उठून थेट माझ्या गुडघ्याशी आला, त्याच्यामागे आणखी सहाजण आले, आणि मग गोष्ट राहिली बाजूला, मी "खाली बसा, खाली बसा" एवढंच म्हणत राहिले. उंदीर त्या दिवशी कुणालाच भेटले नाहीत.

घरी जाऊन ते पुस्तक खुर्चीवर उघडून उभं केलं, आठ-दहा पावलं मागे गेले आणि जमिनीवर बसले. दिसलं काय, तर एक करडा चौकोन. तेव्हापासून गोष्टीच्या तासाचं पुस्तक मी मागच्या रांगेत बसून निवडते. तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे मुख्य असं हेच आहे.

पुस्तक वाईट नव्हतं, हे लक्षात घ्या. ते मांडीवरचं पुस्तक होतं; एका मुलाने एका मोठ्या माणसाला टेकून, बोट फिरवत वाचायचं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातलं 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' हे आपण येता-जाता म्हणतो. पण त्याच्या पुढचा नियम आहे 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक', आणि गोष्टीच्या तासाची तयारी करताना मला तो जास्त कामाला येतो. उंदरांचं पुस्तक मी आता घरी न्यायला देते. घोळक्यासमोर काढत नाही.

तर घोळक्यासमोर काय चालतं? ठळक रेघा, मोकळी पार्श्वभूमी, एका पानावर बघण्यासारखी एकच मोठी गोष्ट. चित्राची परीक्षा डोळ्यांनी झाली की शब्दांची परीक्षा जिभेने घ्यायची. मोठ्याने वाचा, मनातल्या मनात नको. जिथे तुम्ही अडखळता, तिथे मुलं चुळबुळ करणार हे नक्की. अनुवादित पुस्तकांत हे फार होतं. मुळात यमक असतं, ताल असतो. अनुवादात अर्थ तेवढा उतरतो आणि वाक्य सरकारी परिपत्रकासारखं होतं. असं पुस्तक चित्रांसाठी ठेवायचं असेल, तर गोष्ट खुशाल आपल्या शब्दांत सांगा. मात्र पालवाक्य, म्हणजे परत परत येणारं ते एक वाक्य, आधी ठरवून घ्या आणि दर वेळी तंतोतंत तेच म्हणा. तिसऱ्या खेपेला मुलं ते तुमच्या तोंडून काढून घेतात.

आता पान उलटण्याबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण याकडे कुणी बघतच नाही. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात. त्यामागे काही बालमानसशास्त्र नाही; छापील कागदाच्या घड्या सोळा-सोळा पानांच्या पडतात, त्यातून आलेला हा आकडा. शीर्षकाची वगैरे पानं वजा केली, तर गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या बारा-चौदा जोड्या मिळतात. म्हणजे बारा-चौदा वेळा तुम्ही पान उलटणार. चांगला चित्रकथाकार हे मोजून असतो. दार वाजतं ते उजव्या पानाच्या तळाशी. दारात कोण आहे ते पान उलटल्यावर. तिथे थांबायचं. कागदाचा कोपरा बोटांत धरून ठेवायचा आणि गप्प बसायचं. खोली कशी स्तब्ध होते ते बघा. आणि आपण काय करतो? घाईघाईत वाक्य संपायच्या आत पान उलटून मोकळे होतो. घरी तालीम करताना मी पेन्सिलीने बारीक टिंब काढून ठेवते, इथे थांब म्हणून. पुस्तक ग्रंथालयाचं असल्यामुळे नंतर खोडते, हेही सांगून ठेवते.

पुस्तक धरण्याची तालीमही लागतेच. ते खांद्याशी, बाजूला धरायचं आणि तिरक्या नजरेने वाचायचं. अंगठा खाली, दोन पानांच्या मधल्या घडीत. नाहीतर नेमका सशाच्या तोंडावर येतो. काहीजण प्रत्येक पान डावीकडून उजवीकडे फिरवून दाखवतात, टेबलफॅनसारखं. तसं करू नका. शेवटच्या मुलापर्यंत चित्र पोचेस्तोवर वाक्य कधीच होऊन गेलेलं असतं. मुलांना अर्धवर्तुळात बसवलं की फोटो छान येतो, पण दोन्ही टोकांच्या मुलांना पुस्तकाची कड तेवढी दिसते. त्यापेक्षा समोर गर्दी करून बसलेली बरी. आणि खिडकी तुमच्या पाठीमागे नको. मुलांना चित्र उजेडाविरुद्ध बघावं लागतं.

आखणीचं म्हणाल तर अर्ध्या तासाला दोन पुस्तकं पुष्कळ झाली, तिसरं पिशवीत राखीव. लांब पुस्तक आधी, छोटं नंतर, मधे हातवाऱ्यांचं गाणं. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं मात्र वर्षभर तेच. तुम्हाला कंटाळा येईल, मुलांना येत नाही. दोन वर्षांच्या आतली मुलं असतील तर पंधरा-वीस मिनिटं, एकच पुस्तक आणि बाकी बडबडगीतं. तिथे खरा श्रोता मांडी देऊन बसलेला पालक असतो.

विषयाच्या हट्टाबद्दल माझं मत जरा कडक आहे. 'या आठवड्यात हत्ती' असं ठरवलं की हत्तीचं एक झकास पुस्तक सापडतं, आणि जोडीला हत्ती आहे एवढ्याच भांडवलावर एक रद्दड पुस्तक आत येतं. विषय ही मोठ्यांची सोय आहे. तसंच तात्पर्याचं. शेवटच्या पानावर बोट उगारणारं पुस्तक मी घेत नाही. पालक रागावतात कधीकधी. रागावू देत.

प्रश्न विचारावेत का, हे नेहमी विचारलं जातं. १९८८ मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांना वाचून दाखवताना पालकांनी नुसतं वाचू नये, मोकळे प्रश्न विचारावेत, मुलाच्या उत्तरात भर घालून ते परत म्हणावं, असं त्यांना शिकवलं. महिन्याभरात त्या मुलांचं बोलणं, नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढे गेलं. हे खरंच आहे. पण ते एक मूल आणि एक मोठं माणूस यांच्यातलं आहे. पंचवीस मुलांना "हे काय आहे बरं?" विचारलंत की पंचवीस उत्तरं येतात, त्यातली तीन काल पडलेल्या दाताबद्दल असतात, आणि गोष्टीचा धागा तुटतो. मी पहिल्या वाचनात प्रश्न विचारत नाही. पुढच्या आठवड्यात तेच पुस्तक परत काढते, तेव्हा विचारते. हो, तेच पुस्तक परत. चालतं.

आपल्या आवडीवर फार विसंबू नये, याचं एक उदाहरण देते. 'गुडनाइट मून' हे झोपेच्या वेळचं छोटं पुस्तक १९४७ मध्ये निघालं. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ते विकत घेतलं १९७२ मध्ये. पंचवीस वर्षं! बालविभागातल्या जाणकारांना ते रुचलं नव्हतं, आणि तेवढ्या काळात ते घरोघरी पोचलं होतं. म्हणून राखीव पुस्तक मी मुलांनी निवडलेलं ठेवते. सध्या त्या जागी एका ट्रकचं पुस्तक आहे. मला ते मुळीच आवडत नाही आणि आतापर्यंत मी ते सात वेळा वाचलंय, भोंग्यासकट.

शेवटी, वाचून झालेलं पुस्तक लगेच मांडणीवर ठेवू नका. मुखपृष्ठ वर करून बुटक्या टेबलावर ठेवा आणि बाजूला व्हा. मुलं त्यावर झेपावतात, म्हणून जमलं तर दुसरी प्रत आधीच काढून ठेवा. एकाच प्रतीवरून जुंपलेली भांडणं मी सोडवली आहेत. एकदा तर दोघांनाही पुस्तक मिळालं, प्रत्येकी सोळा पानं.