कॅमेरा साथीदाराकडे कधी वळतो?

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे ते घरी बसून बघण्याजोग्या संगीतपटांबद्दल. म्हणजे मैफलींचे चित्रपट आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांवरचे माहितीपट. असे चित्रपट सोलापुरात टॉकीजला लागणं अवघडच. पण आता घरोघरी मोठे टीव्ही आहेत, मोबाइलवर इंटरनेट आहे, आणि एप्रिल-मे महिन्यात दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नसते. तेव्हा हा विषय आपल्या कामाचा आहे.

मी तबल्याची साथ करतो. त्यामुळे माझी नजर आपोआप साथीला बसलेल्या माणसाकडे जाते. पडद्यावर मैफल बघताना एक गोष्ट मला फार खटकते. गायक थांबतो, तबल्याला दोन आवर्तनं मोकळी मिळतात, वाजवणाऱ्याचा हात आत्ता कुठे खुलायला लागतो, आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे दिसतात. मग स्टेजची फुलांची आरास. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवलेला तुकडा, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते तेव्हा आपण झेंडूच्या माळा बघत असतो. म्हणून संगीतपटाकडे बघण्याची माझी कसोटी एकच: कॅमेरा कोणाकडे बघतो आणि किती वेळ बघतो.

सुरुवात आपल्या ओळखीच्या माणसांपासून करू. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथं मोठा संगीत महोत्सव झाला. डी. ए. पेनेबेकर यांनी त्यावर केलेला ‘माँटेरे पॉप’ हा चित्रपट १९६८ साली आला. सगळा रॉक आणि पॉपचा मामला. पण चित्रपटाचा शेवट कोणाच्या हाती दिला आहे? पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ यांच्या. आणि थोडाथोडका वेळ नव्हे, जवळपास अठरा मिनिटं. आधी बराच वेळ नुसती सतार ऐकू येते आणि दिसतात ते श्रोते. कोणी पेंगतंय, कोणी रमतगमत चाललंय. मग कॅमेरा हळूहळू स्टेजवर येतो आणि तिथून हलायला तयार नाही. रविशंकरांची बोटं दिसतात, अल्लारखाँसाहेबांचा हात दिसतो, तानपुऱ्यावर बसलेल्या कमला चक्रवर्ती दिसतात. सतारीतून एक तुकडा निघतो, तबल्यातून त्याचा जबाब येतो, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसतात. ते हसू टिपायला कॅमेरा वेळेवर तिथं हजर असावा लागतो. पेनेबेकर यांचा होता. शेवटी सगळी माणसं उभी राहून टाळ्या वाजवतात, आणि श्रोत्यांत गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या तोडीचे वादकही आहेत. तबला शिकणाऱ्या मुलांना मी पहिल्यांदा हाच तुकडा दाखवतो.

हीच जोडी १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पुन्हा दिसते, सोबत उस्ताद अली अकबर खाँ. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी बीटल्स बँडमधले जॉर्ज हॅरिसन आणि रविशंकर यांनी उभा केलेला तो कार्यक्रम. त्या चित्रपटाचं नाव ‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’. तिथं वाद्यं सुरात लावून होताच लोकांनी जोरदार टाळ्या दिल्या. रविशंकर गोड हसून म्हणतात की नुसतं जुळवणं एवढं आवडलं असेल, तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. लोक हा किस्सा त्या श्रोत्यांना हसण्यासाठी सांगतात. मला ते श्रोते आवडतात. वाद्य लागताना लक्ष देऊन बसणारे श्रोते आपल्याकडे तरी किती मिळतात?

आता जरा लांबचं घर. ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ हा टॉकिंग हेड्स या अमेरिकन बँडचा चित्रपट. दिग्दर्शक जोनाथन डेमी. डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात चित्रण झालं आणि १९८४ साली तो प्रदर्शित झाला. तुम्हाला इंग्रजी गाणी आवडत नसली तरी पहिली वीस मिनिटं बघाच. रिकामं स्टेज. पडदे नाहीत, मागची भिंत उघडी. डेव्हिड बर्न हा गायक गिटार घेऊन येतो, हातातला टेपरेकॉर्डर खाली ठेवतो आणि एकटाच गायला लागतो. दुसऱ्या गाण्याला बेस गिटार वाजवणारी टीना वेमाउथ येते. तिसऱ्याला, काळ्या कपड्यातली माणसं ड्रमचं व्यासपीठ ढकलत आणतात आणि ड्रमर बसतो. चौथ्याला आणखी एक गिटार. प्रत्येक वाद्य आलं की गाण्यात काय भर पडली ते कानाला स्वच्छ कळतं. साथ म्हणजे काय हे भाषण न देता समजावणारा याच्याइतका चांगला चित्रपट मी बघितलेला नाही. आणि श्रोते जवळजवळ शेवटपर्यंत दाखवलेलेच नाहीत. टाळ्या कधी वाजवायच्या हे कोणी आपल्याला शिकवत नाही.

साथीदारांवरच बेतलेला एक माहितीपटही आहे, ‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’. मॉर्गन नेव्हिल यांचा, २०१३ सालचा. त्याला ऑस्कर मिळालं. मुख्य गायकाच्या मागे उभं राहून कोरस गाणाऱ्या बायकांची ही गोष्ट. डार्लीन लव्ह ही त्यातली एक. तिनं गायलेलं गाणं दुसऱ्याच गटाच्या नावावर गाजलं. पुढं पोटासाठी ती लोकांची घरं साफ करत होती, आणि असंच एका घरात काम चालू असताना रेडिओवर तिचंच गाणं लागलं. तिथून तिनं पुन्हा गायचं ठरवलं. मेरी क्लेटनला तर १९६९ साली रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडच्या गाण्यासाठी रात्री झोपेतून उठवून बोलावलं होतं. केसांना कर्लर लावलेले, दिवस गेलेले, तशीच ती गेली आणि गाऊन आली. चित्रपटात त्या गाण्यातलं बाकी सगळं काढून नुसता तिचा आवाज ऐकवतात. वरच्या सुरात तो चिरकतो, तरी ती सोडत नाही. तेवढी दोन मिनिटं आवाज मोठा करून ऐका.

अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिन यांच्या ‘अमेझिंग ग्रेस’ची कथा वेगळीच. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये त्या सलग दोन रात्री भजनं गायल्या. ध्वनिमुद्रिका निघाली, गाजली. सिडनी पोलॅक यांनी चित्रणही केलं होतं, पण प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला क्लॅप, म्हणजे पाटी आपटून करायची खूण, द्यायची राहून गेली. क्लॅप नाही म्हणजे चित्र आणि आवाज जुळवायचा कसा? रिळं तशीच पडून राहिली. पुढं ॲलन इलियट यांनी संगणकाच्या मदतीनं ते काम तडीस नेलं आणि चित्रपट २०१८ साली लोकांसमोर आला. अरेथा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेल्या. त्यात एक जागा आहे. अरेथा पियानोवर बसून गातायत, चेहऱ्यावर घाम, आणि त्यांचे वडील जागेवरून उठून येतात, रुमालानं त्यांचं तोंड पुसतात आणि परत जाऊन बसतात. गाणं थांबत नाही. आषाढीला पंढरपुरात ज्यानं रात्रभर भजन ऐकलं आहे त्याला त्या चर्चमधली हवा परकी वाटणार नाही.

पंढरपूर म्हटलं की आठवण होते डॉ. जब्बार पटेल यांची. त्यांचा जन्म तिथला. कुमार गंधर्वांवरचा त्यांचा ‘हंस अकेला’ जरूर मिळवून बघा. त्याच्या जोडीला शबनम विरमाणी यांचा ‘कोई सुनता है’. तो यूट्यूबवर आहे. क्षयानं अंथरुणाला खिळलेले कुमारजी देवासला खिडकीबाहेरची माळव्याची लोकगीतं ऐकत पडले होते आणि त्यातून त्यांचं गाणं बदललं, हे आपण ऐकून असतो. इथं त्या मातीतले कबीर गाणारे प्रल्हाद टिपानिया समोर बसून गाताना दिसतात. दोन्ही गाणी शेजारी ठेवून ऐकता येतात, हे विशेष.

शेवटी एक चित्रपट, त्याला लोक संगीतपट म्हणत नाहीत. मी म्हणतो. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसं गेली. त्या धक्क्यानं शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचा जीव घेतला. पटवर्धनांनी त्यांना आधी आपल्या ‘हमारा शहर’मध्ये गाताना टिपलं होतं. त्यानंतर चौदा वर्षं ते भीमगीतं, जलसे आणि शाहिरी यांच्या मागे फिरत राहिले. तीन तासांहून अधिक लांबीचा हा चित्रपट आहे आणि त्यातली गाणी मधेच तोडलेली नाहीत. डफ वाजवणारा, कोरस धरणारा, मागे टाळ्यांनी ठेका देणारा पोर, सगळे दिसतात. शाहीर राम जोशींचं हे सोलापूर आहे, शाहीर अमर शेखांची बार्शी आपल्याच जिल्ह्यात आहे. भीमजयंतीला आपल्या रस्त्यांवर हीच गाणी वाजतात. घरातल्या तरुण मुलामुलींना शेजारी बसवून हा चित्रपट बघा. लांबी फार वाटली तर दोन रात्रींत वाटून घ्या.

बघताना आवाजाची काळजी घ्या. मोबाइलच्या स्पीकरमधून डग्ग्याची घुमक, बेस गिटार, ढोलकीची धुम ही जवळजवळ ऐकूच येत नाहीत, म्हणजे अर्धी साथ तिथंच गळाली. साधा ब्लूटूथ स्पीकर जोडला तरी फरक पडतो. सोलापूरच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत, शेजारी माग चालू असतील तर कानाला हेडफोन लावा, दोघांनी बघायचं असेल तर रात्री माग बंद झाल्यावर बसा. आणि पंख्याचं बटण एक घर कमी करा, तानपुरा ऐकू येईल.

नमस्कार.