पाच हजारांची रेघ

(दृश्य : नागपूर, संध्याकाळची बर्डी. संत्र्यांचा ठेला, कोपऱ्यात ठेवलेला मोबाइल.)

ठेल्यावरचा मोबाइल कुणी अप्रामाणिक हेतूनं उचलला, की कायद्याच्या लेखी चोरी तिथंच पूर्ण होते. तो विकला नाही, गर्दीतून बाहेरही गेला नाही, तरी फरक पडत नाही. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून हलवली, एवढं पुरे. भारतीय न्याय संहिता, कलम ३०३. हेतू मात्र सिद्ध व्हावा लागतो. आपला समजून सारखाच दिसणारा फोन उचलणारा चोर ठरत नाही.

(दृश्य : पोलीस ठाणे. फिर्याद टाइप करणारी बोटं.)

आता फिर्यादीतली किमतीची ओळ बघा. चोरीचा माल ५००० रुपयांच्या आतला असेल, तर गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. पाच हजार किंवा वर असेल, तर दखलपात्र आणि अजामीनपात्र. राहत्या घरातली चोरी कलम ३०५ मध्ये जाते, तिथं ही रेघ नाही.

म्हणून ‘अंदाजे चार हजार’ असं घाईत सांगू नका. बिल शोधा, फोनची आजची किंमत सांगा. ती फुगवूही नका, कारण त्या आकड्यावर कुणाच्या तरी पोराचा जामीन अडतो. आयएमईआय, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाचे १५ अंक खोक्यावर असतात, ते फिर्यादीत घाला. प्रथम खबरीची (एफआयआर) प्रत फिर्याद देणाऱ्याला मोफत मिळते. ती मागून घ्या.

(दृश्य : जवळून. मेणबत्तीवर वितळणारी लाख, पाकिटावर उमटणारा शिक्का.)

हा पंचनामा. फोन पाकिटात, पाकिटावर गुन्हा क्रमांकाची चिठ्ठी, चिठ्ठीवर दोन पंचांच्या सह्या, वर लाखेचं सील. खटला बहुतेकदा इथंच तरतो किंवा बुडतो. ‘काळ्या रंगाचा एक मोबाइल’ एवढंच लिहिलं, तर कोर्टात आरोपीचे वकील विचारतात, हाच तो कशावरून? आयएमईआयचा एक अंक चुकला तरी तोच प्रश्न. पंच म्हणतो, सही ठाण्यातच घेतली, आणि जप्ती डळमळते. आता झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे, कलम १०५, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा. ते झालं का, हे दोन्ही बाजूंनी विचारलंच पाहिजे.

(दृश्य : सिव्हिल लाइन्स, न्यायमंदिराच्या पायऱ्या.)

शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर एक ते पाच वर्षं सक्तमजुरी आणि दंड. पहिलीच वेळ, माल पाच हजारांच्या आतला आणि परत केलेला, तर समाजसेवा. चोरीचा आहे हे ठाऊक असून स्वस्तात फोन घेणाराही सुटत नाही. त्याला कलम ३१७.

ज्याच्यावर आरोप आहे, त्याला अटकेऐवजी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस येऊ शकते. ती फाडून फेकू नका. दिलेल्या तारखेला ठाण्यात हजर राहा, पोच जपून ठेवा. हजर राहणाऱ्याला अटक करायची, तर पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. कोठडीतल्या कुणालाही, कमाई कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

(दृश्य : मुद्देमाल कक्ष. फळीवर पाकिटांची चळत.)

निकालापर्यंत फोन इथंच पडून राहायला हवा, असं नाही. बिलाची प्रत आणि ओळखपत्र जोडून मालकानं कोर्टात अर्ज करायचा, हमीपत्र द्यायचं, फोटो आणि वर्णन नोंदवून फोन ताब्यात घ्यायचा.